वेसनॉथमध्ये बढती देताना युनिटचे गुण किती जमेस धरावेत?

प्रश्न
नमस्कार. 'बॅटल फॉर वेसनॉथ' या संगणकावरील युद्धखेळाच्या एका मोहिमेत माझा एक स्पिअरमन (भालाईत) आणि एक मेज (जादूगार) असे दोघेही बढतीच्या उंबरठ्यावर आले आहेत. स्पिअरमनला स्ट्राँग आणि क्विक, तर मेजला इंटेलिजंट आणि क्विक हे गुण (भरतीवेळी मिळणारी वैशिष्ट्ये) मिळाले आहेत, आणि पुढच्या डावात समोर सांगाड्यांची फौज आहे. स्पिअरमनचा स्वोर्ड्समन (तलवारबाज) करावा की पाइकमन (लांब भालेवाला), मेजचा व्हाइट मेज की रेड मेज, हे ठरवताना गुणांकडे पाहावे की शत्रूकडे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद
स्ट्राँग हा गुण जवळच्या लढाईतील प्रत्येक घावामागे १ ने इजा वाढवतो, त्यामुळे घाव जितके जास्त तितकी त्याची किंमत अधिक. स्वोर्ड्समनचे ८ चे ४ घाव असल्याने सगळे लागले तर ३२ ऐवजी ३६ होतात, पाइकमनचे १० चे ३ असल्याने ३० चे ३३. हिशेब स्वोर्ड्समनच्या बाजूचा दिसतो खरा, पण बढतीनंतर त्याच्याकडे फर्स्ट स्ट्राइक (बचाव करतानाही आपला घाव आधी पडणे) राहत नाही, आणि घोडदळासमोर फळी धरायची असेल तर तो पहिला घाव फार मोलाचा असतो. सांगाड्यांपुढे मात्र ही चर्चाच फोल आहे, कारण त्यांच्यावर तलवारीची इजा ४० टक्क्यांनी, तर भाल्याची ६० टक्क्यांनी कमी होते.

दुसरा प्रतिसाद
वरील मताशी सहमत आहे. म्हणूनच खरा निर्णय मेजचा आहे, आणि तो निःसंशय व्हाइट मेज करावा. शेजारच्या सैनिकांचे दर फेरीला ८ हिटपॉइंट (जीवशक्तीचे अंक) भरून काढणारा, विष उतरवणारा आणि आर्केन (गूढ जादूच्या) हल्ल्याने सांगाड्यांना भाजून काढणारा असा दुसरा कोणी तुमच्याकडे नसावा. क्विकमुळे त्याला एक पाऊल जास्त मिळते, जे जखमींपर्यंत पोहोचण्यासाठी कामी येते. इंटेलिजंट गुणामुळे पुढील लेव्हलला २० टक्के कमी अनुभव लागतो, पण शेवटची लेव्हल गाठल्यावर त्याचा उपयोग जवळजवळ संपतो.
एक युक्ती: बढती मिळताच युनिट पूर्ण बरे होते, म्हणून ती सुरक्षित कोपऱ्यात उरकू नका. शत्रूला मारल्यास त्याच्या लेव्हलच्या ८ पट अनुभव मिळतो, नुसते लढल्यास फक्त लेव्हलइतका. त्यामुळे दुसऱ्या लेव्हलच्या शत्रूवरील शेवटचा घाव मेजसाठी राखून ठेवा, आणि तो घावही मेज जखमी असताना घालू द्या.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मनासारखे गुण मिळेपर्यंत नवे स्पिअरमन भरती करत राहणे परवडेल का?

तिसरा प्रतिसाद
नाही. नवा स्पिअरमन १४ सोन्याला मिळतो, तर मोहिमेच्या पुढच्या डावात जुन्याला परत बोलावण्यास सहसा २० लागतात, मग तो कोणत्याही लेव्हलचा असो. म्हणजे पहिल्या लेव्हलचा चांगल्या गुणांचा स्पिअरमन केवळ गुणांसाठी बोलावणे म्हणजे ६ सोन्याचा भुर्दंड. तेच २० सोने तिसऱ्या लेव्हलच्या सैनिकावर घातले तर सौदा स्वस्त, फक्त त्याची पोसणूक (दर फेरीचा सोन्याचा खर्च) लेव्हलइतकी वाढते हे ध्यानात ठेवून ती भागवण्यापुरती गावे ताब्यात असू द्यावीत.