मदत हवी आहे: आत्मकथनांनंतर कादंबरीत मन रमेना

नमस्कार मंडळी. मी काही अभ्यासक नाही, रात्री झोपण्यापूर्वी वीस-पंचवीस पानं वाचणारा साधा वाचक आहे. गेल्या काही महिन्यांत 'स्मृतिचित्रे' आणि 'बलुतं' लागोपाठ वाचली आणि तेव्हापासून कादंबरी हातात धरवत नाही.

'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाई टिळक स्वतःची दुःखंही इतक्या सहज, घरगुती बोलीत सांगतात की त्या समोर बसून बोलताहेत असंच वाटतं. १९७८ च्या 'बलुतं'ने तर झोपच उडवली. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी लेखक दया पवारला सांगतो, म्हणजे एकाच माणसाची दोन रूपं समोरासमोर. सांगायची लाज आणि सांगितल्यावाचून राहवत नाही ही तगमग, दोन्ही त्या रचनेतच आलंय. (पहिली काही पानं मी दोनदा वाचली.)

त्यानंतर तीन कादंबऱ्या सुरू केल्या, तिन्ही अर्धवट राहिल्या. संवाद बेतलेले वाटतात, योगायोग खुपतात. अपवाद एकच, 'कोसला'. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर काल्पनिक आहे हे ठाऊक असूनही त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी पुस्तक मिटून बसलो होतो. म्हणजे दोष कादंबरी या प्रकाराचा नसावा.

तर अशा, प्रथमपुरुषी निवेदनाच्या, आतून बोलणाऱ्या मराठी कादंबऱ्या सुचवाल का? स्त्रियांनी लिहिलेल्या असतील तर फारच उत्तम. आणि तुमचंही असं झालं असेल, तर मध्ये काही दिवस वाचन थांबवलंत की कथा-कवितांकडे वळलात?