चाकाचं फिरणं आणि सायकलचं त्वरण

प्रश्न (खानापूर, पीयूसी पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी): दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत, म्हणून इथं विचारते. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर, कोनीय त्वरण (फिरण्याचा वेग वाढण्याचा दर) २ रेडियन प्रति सेकंद वर्ग. उत्तरात सायकलचं त्वरण ०.७ लिहिलंय. पण चाकाचा वरचा बिंदू तर दुप्पट वेगानं जातो! मग १.४ का नाही?

उत्तर (निपाणी): सायकल आसाबरोबर जाते, बाळ. न घसरता एक फेरा झाला की आस परिघाएवढाच पुढं सरकतो. म्हणून कोनीय त्वरण गुणिले त्रिज्या, ०.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. वरच्या बिंदूचं पुढच्या दिशेचं त्वरण मात्र खरंच १.४. छान पकडलंस. जांबोटीच्या पावसात चाक चिखलात जागीच फिरलं, तर हे सूत्र लावू नको.

प्रश्नकर्ती: मग जमिनीला टेकलेल्या बिंदूचं शून्य?

उत्तर (बेळगाव): पुढच्या दिशेचं शून्य. आसाकडचं, म्हणजे वरच्या दिशेचं केंद्रगामी त्वरण असतंच.