मदत हवी आहे: पीएस५ की पीसी? बजेट ५५ हजार, आणि दोन भावांचा अबोला

थोरली

नमस्कार. मी स्वतः गेम खेळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मी ठाण्याला नोकरी करते, घर साताऱ्याला. दोन धाकटे भाऊ आहेत. मोठा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहतो. धाकटा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, घरीच. नोकरीत कायम झाले की दोघांना मिळून एक मोठी वस्तू घेईन, असा शब्द मी दोन वर्षांपूर्वी दिला होता. गेल्या महिन्यात कायम झाले.

धाकट्याला प्लेस्टेशन ५ (पीएस५, सोनीचा टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल) हवाय. मोठ्याचं म्हणणं, ते पैसे नव्या पीसीत घालावेत, कारण 'प्लेस्टेशनचं सगळं शेवटी पीसीवर येतंच'. धाकट्याचं उत्तर तयार, 'येतं तेव्हा जुनं झालेलं असतं'. इथवर ठीक होतं. मग घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोठ्याने लिहिलं की कन्सोलवाल्यांच्या गळ्यात कंपनीने पट्टा बांधलाय. धाकट्याने उलट लिहिलं की पीसीवाले चार-चार वर्षं थांबून दुसऱ्यांचं उष्टं खातात. तेव्हापासून बारा दिवस दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. आईला वाटतंय काहीतरी मोठं झालंय.

लहानपणी आमच्याकडे जत्रेतून आणलेला पिवळ्या कॅसेटचा टीव्ही गेम होता. त्याचा एक रिमोट बिघडलेला. एकाचा डाव संपेपर्यंत दुसरा शेजारी बसून 'उडी मार, उडी मार' ओरडायचा. म्हणून हे भांडण मला जास्त लागतंय.

मला विचारायचंय ते असं: प्लेस्टेशनचे खेळ खरंच पीसीवर येतात का? येत असतील तर किती दिवसांनी? ५५ हजारांत काय घेणं शहाणपणाचं? आणि एक साताऱ्याला, एक पुण्याला असताना दोघांना एकत्र खेळता येईल असं काही आहे का? माझ्यासाठी हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

रातकिडा

ताई, दोघंही अर्धे बरोबर आहेत. तारखाच देतो, म्हणजे तुम्हाला ग्रुपवर टाकता येतील.

'गॉड ऑफ वॉर' प्लेस्टेशन ४ वर एप्रिल २०१८ मध्ये आला, पीसीवर जानेवारी २०२२ मध्ये. जवळजवळ पावणेचार वर्षं. 'स्पायडर-मॅन' सप्टेंबर २०१८ चा, पीसीवर ऑगस्ट २०२२. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' जुलै २०२० चा, पीसीवर मे २०२४. म्हणजे धाकट्याने चार वर्षं हा आकडा हवेतून काढलेला नाही.

पण हे अंतर कमी होत आलंय. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' नोव्हेंबर २०२२ ला आला आणि सप्टेंबर २०२४ ला पीसीवर पोचला, दोन वर्षांच्या आत. 'स्पायडर-मॅन २' सव्वा वर्षात आला, ऑक्टोबर २०२३ ते जानेवारी २०२५. आणि 'हेलडायव्हर्स २' फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्हीकडे एकाच दिवशी.

आता मोठ्याला सांगा की 'सगळं येतं' हेही खरं नाही. 'ब्लडबोर्न' २०१५ चा आहे. पीसीवाले तेव्हापासून वाट बघताहेत, अजून आलेला नाही. 'डीमन्स सोल्स'चा २०२० चा नवा अवतार नाही, 'ग्रॅन टुरिस्मो ७' नाही. 'अॅस्ट्रो बॉट'ला २०२४ चा सर्वोत्तम खेळ म्हणून द गेम अवॉर्ड्समध्ये गौरवलं, तोही फक्त पीएस५ वरच.

थोरली

खूप धन्यवाद! हे एवढं नेमकं मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण कंपनी असं का करते? खेळ तयार आहे, घेणारे आहेत, तर सगळीकडे एकदम का विकत नाही?

दुकानदारीतला

ताई, मी गेमच्या धंद्यात नाही, पण हिशोब कळतो.

कन्सोलचा डबा विकून कंपनीला फार काही सुटत नाही. खरी कमाई पुढे असते. त्या डब्यावरच्या ऑनलाइन दुकानात दुसऱ्या कुणाचाही खेळ विकला गेला तरी साधारण ३० टक्के डबेवाल्याला मिळतात. म्हणून माणूस एकदा आपल्या दुकानात आला की वर्षानुवर्षं तिथेच राहिला पाहिजे. त्याला आत आणायचं तर असं काहीतरी हवं जे शेजारच्या दुकानात मिळत नाही. त्याचंच नाव एक्सक्लुझिव्ह.

उलट सोनीने स्वतःचा खेळ स्टीमवर, म्हणजे पीसीच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकला, तर तिथे साधारण तेवढाच हिस्सा स्टीमच्या मालकाला द्यावा लागतो. मग आधी आपल्या दुकानात पूर्ण भावाने विकून घ्यायचं आणि मागणी ओसरली की दुसरीकडे काढायचं.

मग अंतर कमी का होतंय? खर्च. २०२३ साली मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात सोनीची कागदपत्रं नीट न झाकता बाहेर आली. त्यात 'द लास्ट ऑफ अस भाग २' चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर आणि 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'चा २१ कोटींच्या वर दिसला. एवढा पैसा एका डब्याच्या गिऱ्हाइकांतून वसूल करणं अवघड होत चाललंय.

मायक्रोसॉफ्ट तर त्याच्याही पुढे गेली आहे. त्यांचे स्वतःचे खेळ पीसीवर पहिल्या दिवशी येतात, आणि आता प्लेस्टेशनवरही. 'फोर्झा होरायझन ५' एप्रिल २०२५ मध्ये पीएस५ वर आला. आणि २००१ पासून ज्या 'हेलो' खेळाच्या नावावर त्यांचा एक्सबॉक्स कन्सोल विकला गेला, त्याच्या पहिल्या भागाचा नवा अवतार प्लेस्टेशनसाठीही जाहीर झाला. ही बातमी मी दोनदा वाचली, इतकी अनपेक्षित होती.

पेठेतला

मूळ मुद्दा राहिला: मोठ्या भावाकडे सध्या काय आहे? इंजिनिअरिंगला आहे म्हणजे लॅपटॉप असणारच. ग्राफिक्स कार्ड कुठलं, रॅम किती, एवढं कळलं तर पुढचं सांगता येईल. आणि मुलं नक्की कुठल्या खेळासाठी भांडताहेत तेही विचारा. बहुतेक वेळा एकच खेळ असतो.

थोरली

विचारलं. (मोठ्याने मला तरी उत्तर दिलं!) आरटीएक्स ३०५० आहे, चार जीबीवाला. रॅम १६. आणि हो, तुमचा अंदाज बरोबर निघाला. धाकट्याचा जीव जीटीए ६ मध्ये अडकलाय.

पेठेतला

मग निकाल जवळजवळ लागला, ताई.

जीटीए ६ ची सध्या जाहीर असलेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे, आणि तो पीएस५ व एक्सबॉक्स सिरीजसाठी जाहीर झालाय. पीसीचं नाव घोषणेत नाही. ही जीटीएवाल्या कंपनीची जुनी रीत आहे. जीटीए ५ सप्टेंबर २०१३ चा, पीसीवर एप्रिल २०१५ ला आला. 'रेड डेड रिडम्प्शन २' ला वर्षभर लागलं. आणि त्याच्या आधीचा 'रेड डेड' २०१० चा होता, तो पीसीवर ऑक्टोबर २०२४ मध्ये उगवला. चौदा वर्षं!

आता पैशांचं. ५५ हजारांत नवा पीसी जुळवायला गेलात तर आत्ताचा काळ वाईट आहे, रॅमच्या किमती भडकल्या आहेत. ग्राफिक्स कार्डात हात आखडावा लागेल, आणि जे उभं राहील ते मोठ्याच्या लॅपटॉपपेक्षा थोडंच वर असेल. दोन वर्षांनी पुन्हा तीच रड.

पीएस५ सुद्धा स्वस्त झालेला नाही. भारतात फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कचा ३९,९९० होता. पूर्वी कन्सोल जुना झाला की उतरायचा, हा चढला. दुकानात जायच्या आधी त्या दिवसाचा भाव बघा, आणि सेल असेल तर थांबा.

डिस्कप्रेमी

फक्त डिस्कवालाच घ्या, ही माझी कळकळीची विनंती. सोनीचे बरेच मोठे खेळ इथे ४,९९९ ला आलेत. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते. मी तीन वर्षं असंच करतोय, वर्षाला दोनच नवे खेळ घेतो, बाकी अदलाबदलीवर. बिनडिस्कच्या डब्यात एकदा घेतलेला खेळ म्हणजे अडकलेले पैसे. इथे मात्र पीसीवाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे: त्यांना डिस्क विकता येत नसली तरी स्टीमच्या सेलमध्ये जुने खेळ फार उतरतात.

बिल घ्या. ग्रे मार्केटमधून (अधिकृत नसलेल्या विक्रेत्याकडून) दोन हजार वाचवायला गेलो आणि वॉरंटीच्या वेळी दुकानदाराने ओळखच दाखवली नाही. तीन महिने डबा बंद होता.

रातकिडा

+१ डिस्कवाला.

एक भर घालतो, पोर्टबद्दल, म्हणजे कन्सोलच्या खेळाच्या पीसीवरच्या आवृत्तीबद्दल. पीसीवर खेळ आला म्हणजे नीट आलाच असं नाही. 'द लास्ट ऑफ अस भाग १' मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा सुरू व्हायलाच लोकांना ताटकळावं लागत होतं, चालता चालता बंद पडत होता, आणि आठ जीबीची ग्राफिक्स कार्डंही धापा टाकत होती. पुढे सुधारला. चार जीबीच्या लॅपटॉपवर नवे पोर्ट घेताना मोठ्याने आधी निदान महिनाभर थांबावं. जुना 'गॉड ऑफ वॉर' मात्र त्याला आरामात खेळता येईल.

दोन_कंट्रोलर

ताईंच्या शेवटच्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहिते. मी आणि माझा भाऊ, मी नागपूरला, तो कॅनडात. आमचं नातं गेली तीन वर्षं रविवारच्या सकाळच्या खेळावर टिकलंय, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

तुम्हाला 'क्रॉसप्ले' असलेले खेळ शोधायचे आहेत, म्हणजे एकजण प्लेस्टेशनवर आणि दुसरा पीसीवर असला तरी एकाच डावात. हे प्रत्येक खेळात नसतं, नीट बघून घ्या. 'इट टेक्स टू' अप्रतिम आहे, पण त्यात प्लेस्टेशनवाला आणि पीसीवाला एकत्र येत नाहीत. त्याच मंडळींच्या 'स्प्लिट फिक्शन'मध्ये येतात, शिवाय एकानेच विकत घ्यायचा, दुसरा फुकट पासवर खेळतो. हा खेळ एकट्याने खेळताच येत नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत दोघंच लागतात. तुमच्या भावांसाठीच केल्यासारखा आहे. लॅपटॉपवर सेटिंग कमी ठेवावी लागेल.

दुसरा 'हेलडायव्हर्स २'. चौघांपर्यंत एकत्र, प्लेस्टेशन आणि पीसी मिळून, आणि ऑगस्ट २०२५ पासून एक्सबॉक्सवालेही. त्या खेळाला लॅपटॉपचं कार्ड पुरतं.

एक खर्च धरून ठेवा. प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायला बहुतेक विकतच्या खेळांसाठी 'प्लेस्टेशन प्लस'चं वर्गणीचं सदस्यत्व लागतं. पीसीवर ते लागत नाही. मोठा हे बोलून दाखवेलच आणि त्यात तो बरोबर आहे. सुट्टीत दोघं घरी एका सोफ्यावर खेळले तर मात्र लागत नाही.

पेठेतला

अवांतर, पण आठवलं म्हणून: एक्सक्लुझिव्हचा चटका पुण्याच्या मातीतल्या खेळानेही दिलाय. 'राजी' हा आपल्या पुराणकथांवरचा, पुण्यात बनलेला खेळ. ऑगस्ट २०२० मध्ये आला तो आधी फक्त निन्टेंडो स्विचवर, आणि स्विच तर निन्टेंडोने भारतात अधिकृतपणे कधी विकलाच नाही. पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर तो ऑक्टोबरमध्ये आला. पुण्यात बसून पुण्याचा खेळ खेळायला मी दोन महिने थांबलो. रागही आला होता, पण छोट्या टीमला असा करार मिळणं म्हणजे खेळ पूर्ण होणं की न होणं, एवढा फरक असतो हे नंतर कळलं. सोनीसारख्या कंपनीने अडवून धरणं आणि मूठभर जणांनी हात मिळेल तिथे धरणं, मी यांना एका तराजूत घालत नाही.

थोरली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री धाग्यातल्या तारखा तशाच्या तशा ग्रुपवर टाकल्या, माझं एक वाक्यही न घालता. धाकट्याने पावणेचार वर्षांच्या ओळीखाली अंगठा दाखवला. मोठ्याने सव्वा वर्षाच्या ओळीखाली. तासाभराने मोठ्याने लिहिलं, 'ब्लडबोर्न आला तर मी विकत घेणार'. आणि धाकट्याने विचारलं, 'दादा, तुझ्या लॅपटॉपवर हेलडायव्हर्स खरंच चालतो का?' मग दोघं फोनवर गेले. आई म्हणाली, साडेअकरापर्यंत बोलत होते.

डिस्कवाला पीएस५ साताऱ्याला घ्यायचं ठरतंय, अधिकृत दुकानातून, बिलासकट. लॅपटॉप आहे तो आहे. 'स्प्लिट फिक्शन' मी घेऊन देणार.

एकच राहिलं: डब्यात कंट्रोलर किती येतात?

दोन_कंट्रोलर

एकच येतो. दुसरा वेगळा घ्यावा लागतो, बजेटमध्ये तेवढी जागा ठेवा. तो दुसरा मोठ्याकडे पुण्याला द्या. केबल किंवा ब्लूटूथने लॅपटॉपला जोडला की स्टीमवर चालतो, आणि दिवाळीला घरी येताना त्याने बॅगेत घालून आणायचा.