अनुभव धागा: ओस पडलेला गावमध्य पुन्हा गजबजताना

गेल्या शनिवारी मुलीला डँडेनाँगच्या वाचनालयात सोडलं आणि बाहेर हार्मनी स्क्वेअरमध्ये बसून राहिले. एका बाकावर रंगीत दुपट्टे घेतलेल्या दोन सुदानी बाया, समोर बुद्धिबळ मांडून बसलेले अफगाणी आजोबा, मोठ्या पडद्याखाली धावणारी कुठकुठली पोरं. दीड तासात मला कुणी काही विकायला आलं नाही, उठायलाही सांगितलं नाही. बारा वर्षांपूर्वी इथे आले, तेव्हा नवीन माणसाने नुसतं बसावं अशी जागा मला ठाऊकच नव्हती. म्हणून हा धागा.

डँडेनाँग मेलबर्नच्या आग्नेयेला, तीसेक किलोमीटरवर. इथला बाजार १८६६ पासूनचा, मूळचा गुराढोरांचा. १९५०च्या दशकात होल्डनच्या मोटारी, हाइन्झ, इंटरनॅशनल हार्वेस्टरची शेतीयंत्रं असे मोठे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग युरोपातून कामगार. पुढे कारखाने आटत गेले, खरेदी मॉलकडे वळली आणि गावमध्य रिकामा पडायला लागला. त्याच काळात भारतीय, श्रीलंकन, व्हिएतनामी, कंबोडियन, अफगाणी, सुदानी माणसं स्वस्त भाड्याच्या गाळ्यांमध्ये दुकानं थाटत होती. आज या नगरपालिकेत दीडशेहून जास्त देशांत जन्मलेले लोक राहतात. २००५-०६च्या सुमारास राज्य सरकारने गावमध्याच्या पुनरुज्जीवनासाठी २९ कोटी डॉलरचा कार्यक्रम हाती घेतला. जुन्या टाउन हॉलचं ड्रम थिएटर झालं, लॉन्सडेल स्ट्रीटचे पदपथ रुंद झाले, २०१४ मध्ये वाचनालय आणि हा चौक आला.

सरकारी पुस्तिकांत हे सगळं आहेच. मला तुमचं हवंय. असा रस्ता, चौक, बाजार बदलताना तुम्ही तिथे होतात का? कुणी तुम्हाला विचारलं का? काय मिळालं, काय गेलं? डँडेनाँगचंच हवं असं नाही.

डँडेनाँग, १९९७ पासून

मी इचलकरंजीचा. इथे आलो आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात रात्रपाळीला लागलो. पहिली खोली मला फॉस्टर स्ट्रीटवरच्या किराणा दुकानाच्या काचेवर मिळाली. तिथे हाताने लिहिलेले कागद चिकटवलेले असायचे: खोली भाड्याने, शाकाहारी चालेल, गाडी विकणे आहे, ड्रायव्हिंग शिकवतो. जोडीला खाली फाडून न्यायच्या फोन नंबरांच्या चिठ्ठ्या. या रस्त्याला 'लिटिल इंडिया' हे नाव मिळण्याच्या कितीतरी आधी ती काच आमचा चौक होती.

लॉन्सडेल स्ट्रीट तेव्हा हमरस्ताच. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ओलांडायचा म्हणजे मधल्या पट्टीवर जीव मुठीत धरून उभं राहायचं. आता झाडं आहेत, बसायला जागा आहे, ओलांडताना धाकधूक होत नाही.

बदलाची चर्चा सुरू होती तेव्हा मी एका सभेला गेलो होतो. तिथे एकच सांगितलं: दुकानासमोर दहा मिनिटं गाडी लावू द्या. आमचं गिऱ्हाईक वीस किलोचा तांदूळ आणि दहा किलोचा आटा नेतं, ते खांद्यावर टाकून स्टेशनपर्यंत कोण जाणार? नकाशावर गाड्या कमी केल्या की चित्र सुंदर दिसतं, पण पोत्याचं वजन नकाशात दिसत नाही. तिथल्या बाईंनी ते लिहून घेतलं आणि वाचूनही दाखवलं. मला फार बरं वाटलं होतं.

सातारा, सध्या लेकाकडे

मी तिसऱ्यांदा आले आहे, सहा महिन्यांसाठी. लेक-सून कामावर, नातू शाळेत. पहिल्या खेपेला दिवसभर घरात बसून मला रडू यायचं. घरं छान, पण रस्त्यावर माणूस दिसत नाही.

या खेपेला सुनेने बसचा रस्ता दाखवला आणि मंगळवारी मंडईला सोडलं. तिथे मेथी बघितली, शेवग्याच्या शेंगा बघितल्या, हात लावून निवडू देतात. ओरडून भाव सांगतात. अगदी आपल्यासारखं वाटलं.

परत येताना चौकात बसते. ज्या बाकाला पाठ आणि हात आहेत तोच बघते, कारण गुडघ्यामुळे आधाराशिवाय उठता येत नाही. बाक बसवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. आणि शौचालय जवळ हवं. ते नसेल तर म्हातारं माणूस घराबाहेर पडायलाच धजत नाही, हे तरुण माणसांच्या ध्यानात येत नाही.

तिथे मला एक काबूलकडच्या बाई भेटतात. काही वर्षं पेशावरला काढल्यामुळे त्यांना उर्दू येतं, मी मोडकं हिंदी बोलते. त्यांनी मला वाळलेली तुती दिली, मी त्यांना तिळाची वडी दिली. त्यांचा मुलगा हयात नाही. एवढंच त्यांनी सांगितलं, मीही पुढे विचारलं नाही.

नगररचनाकार, सिडनी

वरच्या काकांची पोत्यांची गोष्ट वाचून राहवलं नाही. मी डँडेनाँगला काम केलेलं नाही, पण अशाच एका मिश्र वस्तीच्या बाजाररस्त्यावर तीन वर्षं काम केलं. लोकांची मतं ऐकायला घेतलेली आमची पहिली सभा सपशेल फसली. दुपारी दोनला ठेवली होती. दुकानदार गल्ला सोडून कसा येईल? आलेले सगळे निवृत्त, इंग्रजी सफाईने बोलणारे, आणि त्या रस्त्यावर क्वचितच खरेदी करणारे. त्यांचंच मत 'लोकांचं मत' म्हणून अहवालात गेलं, आणि त्यावर माझी सही आहे. आजही ते डाचतं.

दुसऱ्या वेळी आम्ही दुकानं बंद व्हायच्या वेळेला दारोदार गेलो, दुभाषे घेऊन. शुक्रवारची दुपार टाळली, नमाजाची वेळ म्हणून. मग वेगळंच ऐकायला मिळालं. कुणी कारंजं किंवा शिल्प मागितलं नाही. मागितलं ते पावसात छत, रात्री उजेड, आणि काम चालू असताना दुकानाचं तोंड झाकलं जाणार नाही याची लेखी हमी. खोदकामाचे सहा महिने छोट्या दुकानाचा जीव घेऊ शकतात.

कोपनहेगन

आमच्या नॉरब्रो भागात सुपरकिलेन नावाचं उद्यान आहे, २०१२ मध्ये खुलं झालं. साडेसातशे मीटर लांब, लाल, काळा आणि हिरवा असे तीन पट्टे. आजूबाजूला साठाच्या वर देशांचे लोक राहतात. रहिवाशांना विचारलं गेलं, तुमच्या देशातली कोणती वस्तू इथे हवी? म्हणून इथे मोरोक्कोचं कारंजं आहे, थायलंडच्या पद्धतीचा मुष्टियुद्धाचा आखाडा आहे, पॅलेस्टाइनची माती आहे. काही रहिवाशांना त्या वस्तू आणायला प्रत्यक्ष त्या देशांत नेलं होतं. २०१६ मध्ये याला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

मी रोज सायकलने तिथून जाते. पर्यटक येऊन फोटो काढून जातात, ते ठीक. पण बर्फ वितळला की पहिल्या उन्हात शेजारची मुलं त्या आखाड्यात लोळतात, ते बघायला मी मुद्दाम थांबते.

डँडेनाँगमध्येच वाढलेली

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, सांभाळून घ्या. आईबाबांचं छोटं दुकान होतं, पूजेचं सामान आणि मसाले. पुनर्विकासात इमारत गेली. मोबदला मिळाला, पण नव्या जागेचं भाडं दुप्पट. दोन वर्षांनी बाबांनी दुकान बंद केलं. नवा चौक मला मनापासून आवडतो, माझी परीक्षा मी तिथल्या वाचनालयात अभ्यास करून दिली. तरीही स्टेशनकडून येताना आमच्या जुन्या जागेकडे बघवत नाही. पडीक दिवसांत ज्यांनी दिवे चालू ठेवले, त्यांना नव्या इमारतीत जुन्या भाड्याने गाळा मिळायला हवा होता. एवढंच मला म्हणायचं आहे.

पुणे, कॅम्प

आमच्याकडे हे सगळं न ठरवता झालेलं आहे. १८६७चं लाल देऊळ म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शिवाय पारशी, इराणी, बोहरी, ख्रिस्ती, तमिळ, मराठी, सगळे चालत जाण्याच्या अंतरात. मार्च २०२१ मध्ये शिवाजी मार्केटला आग लागली, त्याच महिन्यात फॅशन स्ट्रीटही जळाली. दुसऱ्या दिवशी राखेत उभे असलेले फेरीवाले मी पाहिले आहेत. डँडेनाँगच्या काकांसारखं आपल्याकडे कुणी फेरीवाल्याचं म्हणणं लिहून घेऊन त्याला वाचून दाखवलं, तर मी स्वतः दुभाषा म्हणून यायला तयार आहे.

धागाकर्ती

डँडेनाँगच्या ताई, तुमचं मराठी अजिबात कच्चं नाही. तुमचं लिखाण वाचून मी आज फॉस्टर स्ट्रीटवरून मुद्दाम चालत गेले. एका दुकानाच्या काचेवर अजून कागद आहेत: खोली भाड्याने, आणि मराठीत एक, गणपतीच्या मूर्तीची नोंदणी. खालच्या अर्ध्या चिठ्ठ्या फाडून नेलेल्या.

साताऱ्याच्या आजी, मंगळवारी मला सुट्टी असते. पाठ आणि हात असलेला बाक नेमका कोणत्या बाजूला आहे ते सांगा. मी साडेअकराला येते.