शब्दचर्चा : रोध की प्रतिरोध? आणि 'हजार वॅटचा' रॉड

पाटीपेन्सिल
भाचीचा दहावीचा अभ्यास घ्यायला बसले आणि पहिल्याच गणिताला अडलो. विजेच्या वाटेतल्या अडथळ्याला, म्हणजे रेझिस्टन्सला, पुस्तकात 'रोध' आहे, क्लासच्या नोट्समध्ये 'प्रतिरोध'. गणित अगदी सोपं. पाणी तापवायच्या रॉडला २३० व्होल्ट विभवांतर, धारा (करंट) ४.३५ अँपिअर, रोध आणि शक्ती काढा. भागाकार केला, साधारण ५३ ओहम. गुणाकार केला, हजार वॅट. पण 'विभवांतर' घरात कुणी म्हणत नाही. आम्ही व्होल्टेज म्हणतो, बाबा 'दाब' म्हणतात. यातलं चूक काय आणि बरोबर काय?

खटका
आमच्या धंद्यात 'रोध' कुणी म्हणत नाही. 'ओहम किती दाखवतोय?' एवढंच विचारतात. शक्तीला वॅट नाहीतर लोड. दाब मात्र आमच्या बोलण्यातला आहे, उच्चदाब वाहिनी, लघुदाब वाहिनी. गावात तर दाब उतरला की 'आज व्होल्टेजच नाही' म्हणतात. शून्य व्होल्टेज असतं तर तक्रार करायला दिवा तरी दिसला असता का!

काना_मात्रा
'प्रतिरोध' हिंदी पुस्तकांतून आलाय, चूक नाही. पण मराठी पाठ्यपुस्तकांनी 'रोध' घेतला, तो आटोपशीर आहे. धातू 'रुध्', म्हणजे अडवणे. अवरोध, विरोध, निरोध ही सगळी त्याचीच भावंडं. माझी तक्रार वेगळीच आहे. जलरोधक कापडातून पाणी मुळीच जात नाही, म्हणून मुलांना वाटतं की रोध म्हणजे वीज थांबवणारं काहीतरी. इथे थांबत काहीच नाही, किती जाईल ते ठरतं. एक व्होल्टला एक अँपिअर जाऊ दिला तर एक ओहम.

'दाब' समजायला छान, पण अपुरा. दाब एका जागी असतो असं वाटतं. 'विभवांतर'मधलं 'अंतर' दोन टोकं असल्याशिवाय पुरं होत नाही. शब्द जड आहे खरा, पण मी तोच ठेवीन.

आणि भाचीला सूत्रांआधी विभक्ती प्रत्यय विचारा. धारा तारेतून जाते. विभवांतर दोन टोकांमध्ये असतं. रोध तारेचा असतो. 'तारेमधलं व्होल्टेज' असं लिहिणारं पोर मीटरही चुकीचा जोडतं. ज्यातून धारा जायची तो धारा मोजणारा अमीटर एकसर, म्हणजे त्याच वाटेत; ज्यानं टोकांमधलं विभवांतर मोजायचं तो व्होल्टमीटर समांतर, म्हणजे दोन टोकांना जोडून. प्रत्यय नीट असला की जोडणी सहसा चुकत नाही.

पाटीपेन्सिल
प्रत्ययांचं पटलं. पण मग शक्तीला कोणता? 'रॉडची शक्ती हजार वॅट' म्हणतोच की.

काना_मात्रा
तिथेच 'ची' फसवा आहे. रॉडचा रोध रॉडचा, पण वॅट एकट्या रॉडचे नाहीत. रॉडवर छापलेलं पाहा, '१००० वॅट'शेजारी '२३० व्होल्ट' असतंच. संध्याकाळी दाब १८० वर आला तर? रोध तोच ५३ धरा. धारा १८० भागिले ५३, म्हणजे ३.४ अँपिअर. शक्ती १८० गुणिले ३.४, म्हणजे ६१२ वॅट. दाबात घट पाव हिश्श्याहून कमी, पण वॅट जवळजवळ चाळीस टक्के गेले, कारण दाबाबरोबर धाराही उतरली. जी बादली पाऊण तासात तापायची तिला सव्वा तास.

'शक्ती' हा शब्दही घोटाळ्याचा आहे. 'अंगात शक्ती आहे' म्हणतो तेव्हा आपल्याला साठा अभिप्रेत असतो. भौतिकातली शक्ती म्हणजे दर, सेकंदाला किती जूल. साठ्याचं नाव ऊर्जा, आणि बिल येतं ते तिचं : हजार वॅट तासभर चालले की एक युनिट.

पाटीपेन्सिल
भाचीचा प्रश्न : सूत्रात धारेला 'आय' हे अक्षर का? करंटचा सी का नाही?

काना_मात्रा
फ्रेंचमुळे. अँपिअर फ्रेंच, तिकडे धारेच्या तीव्रतेला 'इंतांसिते' म्हणत, त्यातला आय.

खटका
'रोध तारेचा असतो' यावर माझं एक म्हणणं आहे. एक पोरगा शिकायला होता माझ्याकडे. साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब होल्डरातून काढून त्यानं मीटर लावला. ६५ ओहम. कागदावर हिशेब केला, २३० भागिले ६५, साडेतीन अँपिअर, म्हणजे आठशेच्या वर वॅट! 'काका, मीटर बिघडलाय.' मीटर ठणठणीत होता. बल्ब थंड होता. पेटला की ती तार पांढरीफटक तापते आणि रोध पोहोचतो ८८० ओहमच्या घरात. २३० चा वर्ग भागिले साठ, करून बघा. खटका दाबल्याबरोबरच बल्ब उडायचे ते त्यामुळेच, त्या क्षणी धारा दसपटीहून जास्त असते.

रॉडमधल्या नायक्रोम या मिश्रधातूच्या तारेचा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही, म्हणून वरचं गणित जमलं.

काना_मात्रा
मान्य. धारा विभवांतराच्या प्रमाणात असते, या ओहमच्या नियमाच्या वाक्यात 'तापमान कायम असताना' हे असतं, आणि मुलं नेमकं तेच गाळतात.

पाटीपेन्सिल
भाची विचारतेय, मग उत्तरात 'बल्बचा रोध' लिहायचं की 'पेटलेल्या बल्बचा रोध'?

काना_मात्रा
पेटलेल्या. नुसतं 'बल्बचा' लिहिलं तरी गुण कापणार नाहीत, पण तिनं 'पेटलेल्या'च लिहावं.