सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कोरीव मशीनवर) लाकडी अक्षरं गोल फुगीर येत नाहीयेत, मदत हवी आहे (अर्जंट)

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. एका बंगल्याच्या नावाची ऑर्डर घेतली आहे. मागे पाटी नाही, नुसती लाकडी अक्षरं, थेट भिंतीवर लागणार. पार्टीला सपाट नको, पूर्ण गोल हवीत, पाइप उभा चिरून ठेवावा तशी. माझ्याकडे काही ठिकाणी गाठ येते, काही ठिकाणी अक्षर बसकं, आणि सगळीकडे पायऱ्या. सेटिंग सगळं फिरवून झालं. पुढच्या रविवारी वास्तुशांत आहे, रोज फोन येतोय. ज्यांनी केलंय त्यांनी फक्त सेटिंग सांगा.

भुसासम्राट
कशाचं सेटिंग? सॉफ्टवेअर कुठलं, बिट (कापायचं पातं) कुठलं, लाकूड कुठलं, किती जाड, अक्षर केवढं? फोटो टाका.

निऑननाना
लाकूड कशाला भाऊ? ॲक्रिलिकची अक्षरं करा, आत एलईडी टाका. रात्री पण दिसतात. आमच्याकडे लाकडाची पाटी गेल्या पाच वर्षांत कोणी मागितलेली नाही.

वाशिष्ठीकाठ
@निऑननाना पार्टीला लाकूडच हवंय.
@भुसासम्राट नेहमीचंच की. सॉफ्टवेअर आर्टकॅम, बिट बॉलनोज (गोल टोकाचं), लाकूड साग. अक्षर आठ इंची.

भुसासम्राट
बॉलनोज किती एमएमचं? स्टेपओव्हर, म्हणजे दोन फेऱ्यांमधलं अंतर, किती? रफिंग (आधीचं जाडंभरडं कापणं) वेगळं केलं की थेट फिनिशिंग?

वाशिष्ठीकाठ
६ एमएम. स्टेपओव्हर १.५. रफिंग ६ च्याच एंडमिलने (सपाट टोकाच्या बिटने), ते व्यवस्थित होतंय. स्टेपओव्हर कमी करा असं सांगू नका, मशीन दिवसभर अडकतं.

भुसासम्राट
तेच सांगणार. ६ च्या बॉलनोजने १.५ स्टेपओव्हर दिला की दोन रेघांमध्ये साधारण ०.०९ एमएमचा कंगोरा उरतो. पॉलिश चढलं की तो बोटाला लागतो आणि डोळ्यालाही दिसतो. ०.५ करा, कंगोरा ०.०१ वर येईल. स्टेपओव्हर एक तृतीयांश केला की कंगोरा एक नवमांश होतो, साधं गणित आहे. पाटी ८५० बाय २५० धरली तर ५०० फेऱ्या, मिनिटाला २५०० एमएमच्या फीडने (वेगाने) पावणेतीन ते तीन तास. दिवसभर कुठे लागतोय?

एनजेकर
मी इथे न्यू जर्सीत गॅरेजमध्ये छंद म्हणून करतो. आर्टकॅम सोडा. ऑटोडेस्कने ते २०१८ मध्येच बंद केलं. तोच कोड पुढे कार्व्हेको म्हणून चालू आहे, नाहीतर व्हेक्ट्रिकचं अस्पायर घ्या. अस्पायरमध्ये क्रिएट शेपला गोल प्रोफाइल दिलं की दोन मिनिटांत काम होतं. आणि तुमचं आर्टकॅम लायसन्सचं आहे का?

वाशिष्ठीकाठ
मशीनवाल्याने टाकून दिलंय.

एनजेकर
म्हणजे नाही. चोरीच्या सॉफ्टवेअरवर धंदा करायचा आणि मग

भुसासम्राट
एनजेकर, वेगळा धागा काढा. अस्पायरची किंमत रुपयांत करून बघा आणि मग चिपळूणच्या माणसाला सांगा. शिवाय गाठीचा प्रश्न अस्पायरमध्येही तसाच येणार, दोन्हीकडे गोलाई काढायची रीत एकच आहे.

एनजेकर
मी फक्त वस्तुस्थिती सांगितली. छंदापुरतं फ्यूजन ३६० फुकट मिळतं.

पटाशीवाला
सावंतवाडीत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे काम हातानं होतं. जिगसॉने अक्षर कापा, कानशीने कडा मोडा, गोल पटाशी, मग काचेच्या तुकड्याने खरवडा. आठ इंची अक्षराला एका माणसाला अर्धा दिवस. मशीनच्या अक्षराला कितीही घासा, ते मशीनचंच दिसतं. पांगाऱ्यात केलंत तर लोण्यासारखं कापलं जातं.

भुसासम्राट
काका, पांगारा खेळण्यांना ठीक. बाहेरच्या भिंतीवर, चिपळूणच्या पावसात?

पटाशीवाला
बाहेर लागणार हे कोणी सांगितलं होतं? बाहेर असेल तर सागच.

करवतकाठी
वाशिष्ठीकाठ, नाव काय आहे बंगल्याचं? आणि अक्षरं आर्टकॅममध्येच टाइप केलीत का?

वाशिष्ठीकाठ
नावाचा काय संबंध ताई? "स्वप्नपूर्ती" आहे. आर्टकॅममध्ये मराठी नीट येत नाही, जोडाक्षरं फुटतात. कोरलड्रॉमध्ये टाइप केलं, कर्व्हला कन्व्हर्ट केलं, वेल्ड मारून (सगळे आकार एकात जोडून) आणलं. सगळा शब्द एका शिरोरेघेत, एकच तुकडा.

करवतकाठी
संबंध आहे म्हणूनच विचारलं. गाठ कुठे येते? दांडा शिरोरेघेला मिळतो तिथे आणि "प"चं पोट दांड्याला चिकटतं तिथे, बरोबर?

वाशिष्ठीकाठ
हो!! अगदी तिथेच. आणि "र्ती"त रफार आणि वेलांटी जवळ येतात तिथे सगळा गोळा.

करवतकाठी
मग स्टेपओव्हरचा आणि गाठीचा काही संबंध नाही. आर्टकॅमचा शेप एडिटर गोलाई देताना प्रत्येक बिंदू जवळच्या काठापासून किती आत आहे ते मोजतो. जितका आत तितका उंच. पट्टी ३० एमएमची असेल तर मध्यावर १५ उंची मिळते. पण दांडा आणि शिरोरेघ वेल्ड केली की सांध्यावर आतला बिंदू सगळ्या काठांपासून लांब जातो. दोन्ही पट्ट्या ३० च्या धरल्या तर तिथे १८.७५ निघतात. बाकी अक्षर १५ वर आणि सांधा पावणेचार एमएम वर. इंग्रजी अक्षरांनाही हे होतं, पण आपल्याकडे जवळपास प्रत्येक अक्षराला वर असा सांधा आहे. म्हणून इंग्रजी व्हिडिओ बघून यातलं काही कळत नाही.

उपाय: वेल्ड करू नका.

एनजेकर
वेल्ड न करता रिलीफ (उठावाचं मॉडेल) काढलं तर सांध्यावर दोन्ही उंच्यांची बेरीज होईल ना? आणखी बिघडेल.

करवतकाठी
ॲड केलं तर होईल, थेट तीस. मर्ज हाय करायचं. म्हणजे दोघांपैकी जो उंच तोच राहतो. तुमच्या अस्पायरमध्ये त्यालाच नुसतं मर्ज म्हणतात.

कोरलमध्ये असं करा. अक्षरांची स्वतःची शिरोरेघ कापून टाका आणि सगळ्या शब्दावर एकच लांब पट्टी घ्या. दांडे वेगळे काढा. "स्वप्नपूर्ती"त पाच आहेत: व, न, प, त आणि वेलांटीचा. प्रत्येक दांडा शिरोरेघेच्या वरच्या काठापर्यंत न्या, खालच्या काठाशी थांबवू नका. तिथे थांबवलात तर टोकाची गोलाई खाली उतरते आणि सांध्यात खड्डा पडतो. पोटं, उकार, रफार वेगळे, आणि तेही दांड्यात आत घुसवा. मग आर्टकॅममध्ये एकेक निवडून शेप एडिटर, गोल, मर्ज हाय.

बसकं दिसण्याचं कारणही हेच. फॉन्टमध्ये जाड-बारीक रेघ असेल तर बारीक ठिकाणी उंची कमीच येणार. एकसारख्या जाडीचा फॉन्ट घ्या. लिमिट टू हाइट लावलंत तर वरचा भाग सपाट कापला जातो, गोल राहत नाही.

भुसासम्राट
मर्ज हायचं बरोबर आहे. पण पायऱ्या स्टेपओव्हरच्याच.

करवतकाठी
कदाचित. वाशिष्ठीकाठ, पायऱ्या स्क्रीनवरच्या थ्रीडीतही दिसतात की फक्त लाकडावर?

वाशिष्ठीकाठ
स्क्रीनवर पण थोड्या दिसतात, झूम केलं की. मला वाटलं कॉम्प्युटर जुना आहे म्हणून.

करवतकाठी
स्क्रीनवर दिसत असतील तर रिझोल्यूशन. नवीन मॉडेल घेताना खाली जो स्लायडर येतो तो कमीवर असणार. ८५० एमएम रुंदीला ८५० बिंदू असतील तर दर एमएमला एक पायरी मॉडेलमध्येच आहे, मग स्टेपओव्हर ०.१ करा, ती जाणार नाही. शब्दाचे दोन-तीन तुकडे करून प्रत्येकाचं वेगळं मॉडेल घ्या आणि स्लायडर वर न्या. काठ जर दोन्ही दिशांनी करवतीसारखा दिसत असेल तर रिझोल्यूशन, एकाच दिशेने समांतर रेघा असतील तर स्टेपओव्हर. बहुतेक दोन्ही आहेत.

भुसासम्राट
आणि काठाशी उभ्या उतारावर रास्टर (एकाच दिशेच्या सरळ फेऱ्या) मारलं की रेघा लांब पडतातच. तिथे ऑफसेट स्ट्रॅटेजी लावा, बिट अक्षराच्या कडेने फिरतं. "र्ती"च्या फटीत ६ चं बिट शिरणारच नाही, कोपऱ्यात ३ एमएमची गोलाई उरते. ते तेवढं टेपर (टोकाकडे निमुळत्या) बॉलनोजने करा. कोलेट (बिट धरणारी पकड) आणि बिटची लांबी बघून, नाहीतर कोलेटचा नट लाकडाला घासेल.

निऑननाना
एवढ्या कटकटीत माझी तीन ॲक्रिलिकची बोर्डं निघाली असती. बाय द वे, आता दुकानांना मराठी पाटी सक्तीचीच आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असले तरी. आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाही. लाकडाचं इंग्रजी मोठं आणि मराठी छोटं केलंत तर दंड.

पटाशीवाला
सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली होती तेव्हा आमच्याकडे एका महिन्यात जेवढी कामं आली तेवढी वर्षात येत नाहीत. सगळ्यांना फ्लेक्सच हवा होता पण.

भुसासम्राट
तो कायदा दुकानं-आस्थापनांचा. बंगल्याला कोण विचारतंय. आणि नाव मराठीच आहे त्यांचं.

पटाशीवाला
आता कामाचं सांगतो. शिरोरेघ एकाच फळीतून काढताय ना? लाकडाचे रेषे आडवे जाणार. मग दांडे आडव्या रेषांवर उभे, तिथे साग असला तरी टिचतो. "पू"चा उकार तर हात लागला तरी जाईल. फळ्या चिकटवायच्या असतील तर अक्षर खोदण्याआधी चिकटवा आणि मागे पातळ मरीन प्लाय राहू द्या. किंवा दांडे उभ्या रेषांत वेगळे काढा आणि शिरोरेघेला खाच घालून बसवा. भिंतीपासून बोटभर सुटी ठेवा, मागून पाणी निथळलं पाहिजे.

वाशिष्ठीकाठ
काका, एका दिवसात खाचा कुठे घालत बसू? प्लाय लावतो.

मर्ज हाय करून स्क्रीनवर बघितलं. "प"ची गाठ गेली. रेघ सरळ पंधरावर आली. स्लायडर खरंच अर्ध्याच्या खाली होता. पण आता "र्ती"चा रफार शिरोरेघेवर तरंगल्यासारखा दिसतोय, मध्ये खाच.

करवतकाठी
रफाराचं खालचं टोक शिरोरेघेच्या खालच्या काठापर्यंत आत ओढा, दांड्याचं केलंत तसंच, फक्त उलट दिशेने. आणि "स्व"च्या अर्ध्या "स"चं टोकही एकदा बघा, तिथे नेहमी फट राहते.

एनजेकर
सीलर आधी की पॉलिश पेपर आधी?

भुसासम्राट
हा प्रश्न तुम्ही विचारताय? १२० ने घासून सीलर, मग २२० ने घासून बाहेरच्या कामाला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. एमडीएफ असता तर सीलरचे दोन हात जास्त.

वाशिष्ठीकाठ
रफार बसला. "स"ला फट होतीच. रफिंग लावलंय, ३ च्या टेपरची ऑर्डर टाकली आहे, उद्या येईल असं म्हणतात. तोवर बाकीचं ६ ने ०.५ वर मारतो. टेपरला आरपीएम किती ठेवू?

भुसासम्राट
१८०००. फीड १५०० पासून सुरू करा, आवाज ऐकून वाढवा.

नवीन_आयडी_०७
नमस्कार, धागा आवडला. मला मुलीच्या खोलीसाठी "ईश्वरी" असं नाव करून हवंय, गुलाबी रंगात. किती घ्याल? कुरिअर नाशिकला.