मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या विगनजवळ दुपारचा सोल-नाच (सोल म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांचं संगीत) कुठे असतो?

लँकशायरमध्ये कुणी आहे का? आमचे शेजारी सत्तरीचे. तरुणपणी विगन कसिनोत नाचायला जायचे. १९७३ ते १९८१ चालला तो क्लब. शनिवारी रात्री २ ते सकाळी ८, दारू मिळत नसे, फक्त अमेरिकी सोलच्या जुन्या तबकड्या. पत्नी गेल्यापासून ते घराबाहेर पडत नाहीत. काल त्यांनी तेव्हाची बॅग दाखवली. उगारलेल्या मुठीचा, म्हणजे या सोल-मंडळींच्या खुणेचा, कापडी बिल्ला उसवलाय, आणि तळाशी अजून टाल्कम पावडर! पाय सरकावेत म्हणून ती जमिनीवर टाकायचे म्हणे. सांगताना चेहरा असा उजळला, की मलाच भरून आलं.

आता गुडघे दुखतात, जागरण झेपत नाही. दुपारचा, बसायची सोय असलेला नाच कुठे भरतो? एकट्या माणसाला सामावून घेतात ना? मी सोबत जाईन. बिल्ला जपून शिवणारं कुणी असेल तर तेही कळवा.